‘निर्वात’ या संज्ञेची फोड : कारखान्यातील संघनक आणि वाफेचा झोत

१. विषयप्रवेश

पारिभाषिक संज्ञा पारखताना आपण बहुधा दोन कसोट्या लावतो. मूळ परभाषीय संज्ञेचा अर्थ तिच्यात पुरता उतरला आहे काय, ही पहिली. आणि मराठीच्या प्रकृतीस ती मानवते काय, ही दुसरी. तिसरी एक कसोटी आहे, ती मात्र क्वचितच लावली जाते. संज्ञा वापरून ज्याला प्रत्यक्ष काम करावयाचे आहे, त्याच्या मनात ती त्या वस्तूच्या कार्याचे कोणते चित्र उभे करते, आणि ते चित्र खरे असते काय? शब्दकोशात शोभणारा शब्द यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाची दिशाभूल करीत असेल, तर त्याची निर्दोष व्युत्पत्ती काय कामाची?

प्रस्तुत लेखात ‘निर्वात’ ही संज्ञा या तिसऱ्या कसोटीवर घासून पाहावयाची आहे. त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते कारखान्यांतून वाफेच्या साहाय्याने निर्माण केल्या जाणाऱ्या निर्वाताचे. साखरेच्या कारखान्यातील पॅन, खाद्यतेलाचे निर्गंधीकरण, खनिज तेलाचे ऊर्ध्वपातन, वीजनिर्मितीतील टर्बाइन या सर्व ठिकाणी तो लागतो. २०२१ पासून अभियांत्रिकीचे पदवीशिक्षण मराठीतून देण्यास परवानगी मिळाली असल्याने हा प्रश्न आता केवळ कोशकारांचा राहिलेला नाही. जो विद्यार्थी हे यंत्र मराठीतून समजून घेईल, तो उद्या मराठीतूनच त्याच्या बिघाडाचा विचार करील.

लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे. कारखान्यातील निर्वात ही दोन भिन्न क्रियांची निष्पत्ती असते. वाफेचे पाणी करून जागा मोकळी करणे ही एक क्रिया आणि ज्याचे पाणी होऊ शकत नाही ती हवा बाहेर घालविणे ही दुसरी. ‘निर्वात’ हा शब्द त्याच्या घटकांनिशी वाचला तर हा भेद दाखवितो. ‘पोकळी’चा निव्वळ प्रतिशब्द म्हणून वाचला तर तोच भेद झाकून टाकतो.

२. शब्दविचार

‘निर्वात’ म्हणजे निर् + वात. संस्कृतात त्याचा अर्थ ‘जेथे वारा नाही असे’, आडोशाचे स्थान, असा होता. आधुनिक परिभाषेने ‘वात’ या पदाचा अर्थ ‘वारा’ येथून ‘हवा’ येथवर नेला आणि ‘जेथे हवा नाही असे’ हा अर्थ रूढ केला. याउलट युरोपीय भाषांतील ‘व्हॅक्युम’ ही संज्ञा लॅटिन विशेषणापासून आली असून तिचा अर्थ केवळ ‘रिकामे’ असा आहे. तिथे काय नाही हे ती सांगत नाही. काहीच नाही एवढेच सांगते. जर्मन भाषेत याच कामी ‘उंटरड्रुक’ असाही शब्द चालतो. त्याचा शब्दशः अर्थ ‘खालचा दाब’. म्हणजे एकाच वस्तूकडे तीन भाषांनी तीन बाजूंनी पाहिले आहे : एकीने रिकामेपणा पाहिला, दुसरीने दाब पाहिला आणि मराठीने, संस्कृताच्या आधारे, हवेचा अभाव पाहिला.

व्यवहारात मात्र आपण ‘निर्वात पोकळी’ असा जोडशब्द करून टाकला आणि त्यातील ‘पोकळी’ हे पद वरचढ ठरले. मराठीत पोकळी ही भरून येण्याची किंवा न येण्याची गोष्ट आहे. थोर व्यक्तीच्या निधनानंतर ‘कधीही भरून न येणारी पोकळी’ निर्माण होते, असे आपले शोकसभांतील ठरलेले वाक्य आहे. कारखान्यातील निर्वाताला हे वर्णन अजिबात लागू पडत नाही, कारण ती जागा क्षणभरही रिकामी नसते. साखरेच्या पॅनमध्ये रस उकळत असतो आणि त्याच्या वरची सारी जागा पाण्याच्या वाफेने भरलेली असते. तेथे वाफ आहे, हवा जवळजवळ नाही, आणि दाब थोडा आहे. ती जागा रिक्त नाही. पण अक्षरशः निर्-वात आहे. शब्दाने दिलेली ही सूचना पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

३. वाफ उतरते तेव्हा

प्रथम निर्वाताची गरज का पडते ते पाहू. गुऱ्हाळात उसाचा रस उघड्या काहिलीत आटतो. गुळव्या जेव्हा काहील उतरवितो तेव्हा पाकाचे तापमान ११५ अंश सेल्सियसच्या पुढे गेलेले असते. गुळाला ते चालते, किंबहुना गुळाचा रंग व चव त्यातूनच येते. पण पांढरी, दाणेदार साखर हवी असेल तर इतकी उष्णता घातक ठरते : पाक काळवंडतो आणि साखरेचा काही अंश ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत मोडून जातो. उपाय एकच, पाणी कमी तापमानाला उकळविणे. आणि पाणी कमी तापमानाला उकळते ते दाब कमी केल्यावरच. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर स्तंभाइतका असतो व पाणी १०० अंशांना उकळते. दाब १०० मिलिमीटरवर आणला तर पाणी ५२ अंशांच्या आसपास उकळू लागते. घट्ट पाक त्याहून काही अंश वर, सुमारे ६० ते ७० अंशांत उकळतो, पण काळवंडत नाही.

एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८१३ च्या सुमारास बंद पात्रात, कमी दाबाखाली साखर उकळण्याची ही रीत बसविली. पुढे न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मलेल्या नॉर्बर्ट रिलियू याने १८४३ व १८४६ च्या एकस्वांद्वारे एका पात्राची वाफ पुढच्या पात्राला तापविण्यासाठी वापरण्याची बहुपात्री पद्धत सिद्ध केली. तिच्यातील शेवटचे पात्रही कमी दाबाखालीच चालते. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम १९५०–५१ साली सुरू झाला आणि त्यानंतर महाराष्ट्रात जे शेकडो कारखाने उभे राहिले, त्यांच्या केंद्रस्थानी हीच दोन तत्त्वे आहेत.

आता मुख्य प्रश्न : हा कमी दाब उत्पन्न कशाने होतो? सर्वसामान्य समजूत अशी की एखादा पंप पात्रातील सारे काही ओढून घेतो. आकडे या समजुतीच्या विरुद्ध जातात. १०० मिलिमीटर दाबाला एक किलो वाफेचे आकारमान सुमारे ११ घनमीटर, म्हणजे ११,००० लिटर असते. पॅनमधून तासाला कित्येक टन वाफ निघते. एवढे आकारमान पंपाने ओढून वातावरणात सोडावयाचे तर पंपाचा आकार व त्याला लागणारी शक्ती दोन्ही कल्पनेपलीकडे जातील. परंतु त्याच एक किलो वाफेचे पाणी झाले की ते एका लिटरभर जागेत मावते. अकरा हजारातील दहा हजार नऊशे नव्व्याण्णव भाग आपोआप मोकळे होतात. कोणी काही ओढलेले नसते. वाफ आपल्या जागी उतरलेली असते आणि मोकळ्या झालेल्या जागेकडे मागची वाफ आपल्याच दाबाने धाव घेत असते.

हे काम करणारे साधन म्हणजे संघनक, कारखान्याच्या बोलीत कंडेन्सर. साखर कारखान्यातील प्रचलित प्रकारात वाफ आणि थंड पाणी यांची प्रत्यक्ष गाठ घातली जाते. उंच बसविलेल्या पिंपात वरून पाणी पडते, खालून किंवा बाजूने वाफ येते आणि पाण्यात मिसळून पाणीच होते. ३२ अंशांचे पाणी घेऊन ते ४४ अंशांना बाहेर सोडावयाचे असेल, तर एका किलो वाफेसाठी जवळजवळ ४८ लिटर पाणी लागते, असे उष्णतेच्या साध्या हिशेबावरून निघते. साखर कारखान्याच्या आवारात पाणी थंड करणारी फवाऱ्यांची विस्तीर्ण तळी का असतात, याचे उत्तर या ४८ मध्ये आहे.

एवढे पाणी कमी दाबाच्या पिंपातून बाहेर कसे पडते, याचे उत्तर टोरिचेल्लीच्या प्रयोगात आहे. १६४३–४४ मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखविले की नळीतील पारा निर्वाताच्या ओढीने वर चढत नाही, बाहेरची हवा त्याला वर ढकलून धरते. वातावरण पाण्याचा जास्तीत जास्त १०.३३ मीटर उंचीचा स्तंभ पेलू शकते. म्हणून संघनक सुमारे ११ मीटर उंचीवर बसवून त्याचा नळ खालच्या हौदात बुडवून ठेवतात. नळातील पाण्याचा स्तंभ बाहेरच्या हवेला वर येऊ देत नाही आणि वरून पडलेले पाणी मात्र स्वतःच्या भाराने खाली निघून जाते. त्यासाठी एकाही फिरत्या यंत्राची गरज लागत नाही.

येथे परिभाषेसंबंधी एक अडचण नमूद करणे युक्त होईल. ‘संघनन’ या शब्दात ‘घन’ आहे, आणि शालेय विज्ञानात घन, द्रव व वायू ही त्रयी मुलांच्या मनात पक्की झालेली असते. त्यामुळे संघनन म्हणजे घट्ट होणे, गोठणे, अशी भ्रांती संभवते. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांत याच क्रियेला ‘सांद्रीभवन’ म्हटले आहे. त्यातही दाटपणाचीच कल्पना आहे. ‘द्रवीभवन’ हा शब्द काय घडते ते स्वच्छ सांगतो. ‘संघनक’ आता रूढ झाला असल्याने येथे तोच वापरला आहे. परंतु त्याची व्याख्या शिकविताना ‘वाफेचे पाणी होणे’ हे तीन सोपे शब्द आधी उच्चारले जावेत.

४. जे उतरत नाही ते

संघनकाने सारे साधत असेल तर दुसऱ्या यंत्राचे प्रयोजन काय? याचे उत्तर जेम्स वॉटच्या रचनेतच आहे. त्याने १७६५ मध्ये वेगळ्या संघनकाची कल्पना केली आणि १७६९ मध्ये तिचे एकस्व घेतले. त्या संघनकाला त्याला एक हवापंप जोडावा लागला. कारण उघड होते : वाफेबरोबर थोडी हवा येतेच. सांध्यांतून, झडपांच्या भोवतालून, पाहणीच्या काचांच्या कडांतून ती आत शिरते. रसात आणि थंड पाण्यात विरघळलेली हवाही कमी दाबाखाली बाहेर पडते. वाफेचे पाणी होते, हवेचे होत नाही. ती संघनकात साचत जाते, आणि साचू दिली तर दाब चढत जाऊन काही वेळाने सारे काम थांबते.

म्हणजे दुसऱ्या यंत्राला वाफ काढावयाची नसून हवा काढावयाची असते. ‘निर्वात’ शब्दाची फोड येथे अर्थपूर्ण ठरते. संघनक जागा मोकळी करतो आणि दुसरे यंत्र ती निर्-वात राखते. पहिल्या कामाचा बोजा टनांत मोजला जातो, दुसऱ्याचा किलोंत.

परंतु हवा कधीच कोरडी जात नाही. ज्या पाण्याच्या सान्निध्यातून ती निघते त्याच्या तापमानाप्रमाणे ती आपल्याबरोबर वाफ घेऊन जाते. डाल्टनने १८०१ मध्ये मांडलेल्या आंशिक दाबांच्या नियमाने याचा हिशेब करता येतो. संघनकातील एकूण दाब १०० मिलिमीटर आहे असे धरू. बाहेर पडणारे मिश्रण ४० अंशांवर थंड झाले असेल तर त्यातील वाफेचा दाब ५५ मिलिमीटर आणि हवेचा ४५ मिलिमीटर असतो. अशा स्थितीत प्रत्येक किलो हवेबरोबर पाऊण किलोच्या किंचित वर वाफ जाते. मिश्रण ४८ अंशांना निघाले तर तोच आकडा सव्वातीन किलोंच्या जवळ पोचतो. ५० अंशांना साडेसात किलोंच्याही वर जातो. आणि ५१.६ अंशांना हवेसाठी दाबाचा अंशच उरत नाही. जे निघते ती सारी वाफच असते. हवा मागेच राहते.

हा हिशेब म्हणजे प्रस्तुत विषयाचे मर्म आहे. हवा काढणाऱ्या यंत्रावरील भार हवेच्या प्रमाणावर जितका अवलंबून असतो, तितकाच, किंबहुना अधिक, संघनकातून मिश्रण किती थंड होऊन निघते यावर अवलंबून असतो. दहा अंशांच्या फरकाने भार चौपट-पाचपट होतो, आणि हवेचा एक कणही वाढलेला नसतो.

५. वाफेच्या झोताचे कार्य

हवा काढण्यासाठी दट्ट्याचे पंप वापरता येतात व पूर्वी तेच वापरीत. वाफेच्या झोताने हेच काम करणाऱ्या साधनाला इजेक्टर म्हणतात. १८५८ मध्ये आंरी जिफार या फ्रेंच अभियंत्याने वाफेच्या झोताने बॉयलरमध्ये पाणी भरण्याचे साधन शोधले, ते याचे पूर्वरूप. १८८८ मध्ये स्वीडनच्या गुस्ताफ द लावाल याने आपल्या टर्बाइनसाठी आधी निमुळती होत जाणारी व मग रुंदावणारी तोटी वापरली, आणि तिने वाफेला ध्वनीहून अधिक वेग देणे शक्य झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये चार्ल्स पार्सन्स व फ्रान्समध्ये मॉरिस लब्लां यांनी टर्बाइनच्या संघनकांसाठी झोताचा उपयोग करून घेतला.

इजेक्टरची रचना इतकी साधी की तिच्यात हलणारा एकही भाग नाही. तीन अंगे पुरेशी : तोटी, म्हणजे नॉझल, तिच्याभोवतीचा कक्ष, ज्यात संघनकाकडून आलेले मिश्रण शिरते, आणि त्यापुढचा, आधी निमुळता, मध्ये अरुंद कंठ असलेला व नंतर रुंदावत जाणारा मार्ग, ज्याला डिफ्यूझर म्हणतात. वातावरणाच्या आठपट दाबाची कोरडी वाफ तोटीतून बाहेर पडून ५० मिलिमीटरच्या आसपास दाबापर्यंत पसरली, तर ऊर्जेच्या हिशेबाने तिचा वेग सेकंदाला १,००० मीटरच्या पुढे जातो. दाबाची सारी पुंजी तिने वेगात घातलेली असते. हा झोत कक्षातील मंदगती मिश्रणाशी घासतो, त्यात मिसळतो आणि आपल्या वेगाचा वाटा त्याला देऊन त्याला पुढे घेऊन जातो. डिफ्यूझरमध्ये या मिश्र प्रवाहाचा वेग मंदावतो आणि वेगात घातलेली पुंजी दाबाच्या रूपाने परत मिळते. ती पूर्ण मिळत नाही, पण आत शिरताना मिश्रणाचा जो दाब होता त्याच्या अनेक पटींनी अधिक दाबाला ते बाहेर पडण्याइतकी मिळते.

या क्रियेला कोणते क्रियापद योग्य? ‘झोत हवा ओढतो’ असे आपण सहज म्हणतो. मराठीतील ‘ओढणे’ दोन अर्थ वाहते. विडी ओढताना किंवा श्वास ओढताना ते आपल्याकडे खेचून घेणे असते. गाडी ओढताना ते आपल्याबरोबर नेणे असते. झोताला लागू पडतो तो दुसरा अर्थ. कक्षातील हवा संघनकाकडून तेथवर येते ती तिच्या स्वतःच्या दाबाने, आणि कक्षात आलेली हवा पुढे जाते ती झोताच्या वेगाने. पुरात सापडलेला ओंडका जसा वाहून जातो तशी. म्हणून ‘वाहून नेणे’ हे क्रियापद मला अधिक बिनचूक वाटते. ‘शोषणे’ मात्र टाळावे. झोत काहीही शोषीत नाही.

एक महत्त्वाची मर्यादा येथे सांगितली पाहिजे. प्रत्येक इजेक्टर विशिष्ट निर्गम-दाबापर्यंतच काम करतो. त्यापलीकडे पुढच्या बाजूचा दाब गेला की डिफ्यूझरमधील प्रवाह एकाएकी मोडतो, वाफ उलट पॅनच्या दिशेने जाऊ लागते आणि निर्वात ‘तुटतो’. कारखान्यात ‘व्हॅक्युम तुटला’ असेच म्हणतात, आणि हे क्रियापद फार नेमके आहे. तो हळूहळू ओसरत नाही, तुटतो.

६. टप्पे आणि पाण्याचे तापमान

एका इजेक्टरने दाब किती पटींनी वाढवावा याला व्यवहारात सीमा आहे. आठ-दहा पटींपुढे वाफेचा खर्च परवडत नाही. १०० मिलिमीटरवरून ७६० वर जाणे म्हणजे ७.६ पट, एका टप्प्याच्या सीमेवरचेच काम. ते दोन टप्प्यांत विभागले तर प्रत्येकाला सुमारे पावणेतीन पटच दाब वाढवावा लागतो : १०० वरून २७६, आणि २७६ वरून ७६०. दोन टप्प्यांच्या मध्ये एक छोटा संघनक बसवितात. २७६ मिलिमीटर दाबाला वाफ ७४ अंशांच्या आसपास उतरते, त्यामुळे पहिल्या झोतात खर्ची पडलेली सारी वाफ येथे साध्या पाण्याने सहज उतरते आणि दुसऱ्या टप्प्याला केवळ हवा व तिच्याबरोबरची थोडी ओल एवढेच न्यावे लागते. हा मधला संघनक नसता तर दुसऱ्या झोताला पहिल्या झोताची वाफही वाहावी लागली असती. साखर कारखान्यांत वाफेच्या झोताऐवजी पाण्याच्याच अनेक झोतांनी हवा वाहून नेणारे बहुझोत संघनकही पुष्कळ वापरले जातात. तेथे दोन्ही कामे एकाच पिंपात होतात, पण ती दोन असतात हे खरेच राहते.

दाब आणखी खाली न्यावयाचा असेल तेव्हा क्रम बदलतो. खाद्यतेलातील वास काढून टाकताना तेल २०० अंशांच्या पुढे तापवून त्यातून वाफ सोडतात आणि दाब ५ मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. या दाबाला वाफेचे पाणी व्हावयाचे तर तापमान एक अंशाच्या जवळपास हवे. ३२ अंशांचे पाणी तेथे काय करणार? त्या पाण्याचा स्वतःचा बाष्पदाबच ३५ मिलिमीटरच्या वर आहे. अशा पिंपात ते सोडले तर तेच उकळू लागेल. म्हणून येथे संघनकाच्या आधी एक-दोन मोठे इजेक्टर बसवून सारी वाफ ५५ मिलिमीटरपर्यंत उचलतात, जेथे पाण्याला ती झेलता येते, आणि त्यानंतर हवेसाठी दोन लहान टप्पे ठेवतात. ५ वरून १६ ते १७, तेथून ५५, मग संघनक, मग २०५ आणि ७६०, अशी ही पायरी-पायरीची चढण असते. आरंभीचे मोठे इजेक्टर हवेबरोबर वाफही वाहतात, आणि म्हणून वाफेचा मुख्य खर्च तेथेच होतो. श्रमविभागाचा वर सांगितलेला नियम येथे मोडत नाही. संघनकाची पायरी गाठेपर्यंत तो पुढे ढकलला जातो, एवढेच.

आता हेच यंत्र थंड देशात कसे दिसेल पाहा. तेथे पाणी १५ अंशांचे मिळाले तर त्याचा बाष्पदाब १३ मिलिमीटरहूनही कमी, आणि संघनक २५ मिलिमीटरला चालू शकतो. ५ वरून २५ ही उडी एकच इजेक्टर मारू शकेल. म्हणजे किती टप्पे, किती वाफ, किती खर्च, हे सारे पाण्याच्या तापमानावर ठरते. तिकडचा आराखडा जसाच्या तसा इकडे उतरविणे हे शब्दशः भाषांतरासारखे आहे : प्रत्येक भाग बरोबर, आणि एकूण वाक्य अर्थहीन.

खनिज तेलाच्या शुद्धीकरणातही वातावरणीय दाबाला न उकळणारा जड अंश मोडू न देता वेगळा करण्यासाठी असेच टप्पे योजतात. गंमत अशी की मुंबईत तुर्भे–माहुल भागात १९५४ मध्ये ज्या कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला तिच्या नावातच हा शब्द होता : स्टँडर्ड-व्हॅक्युम. १८६६ मध्ये अमेरिकेत निर्वाताखाली तेल गाळण्याच्या रीतीवरून नाव घेतलेली जी व्हॅक्युम ऑइल कंपनी निघाली, तिचा हा वारसा. तो मुंबईतील कारखाना पुढे १९७४ मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियमकडे आला. नावातील निर्वात गेला, मनोऱ्यातील राहिला.

७. मापनाची भाषा

‘रिकामे’ या विशेषणाला तर-तम भाव नीट लागत नाही; भांडे रिकामे असते किंवा नसते. ‘निर्वात’ही व्याकरणदृष्ट्या त्याच वर्गातला. यंत्राला मात्र सतत कमी-अधिकाची गरज असते. ही उणीव भरून काढण्यासाठी कारखान्यांत ‘व्हॅक्युम २६ इंच’ अशी भाषा रूढ झाली. येथे मोजणी वरून खाली होते : बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा आतला दाब किती कमी, हे ती सांगते. आत प्रत्यक्ष दाब किती उरला हे ती सांगत नाही.

मुंबईसारख्या समुद्रकाठच्या ठिकाणी २६ इंच, म्हणजे ६६० मिलिमीटर, निर्वात दाखविला जात असेल तर आत १०० मिलिमीटर दाब आहे व पाणी ५२ अंशांच्या आसपास उकळते. कोल्हापूर किंवा पुणे येथे, सुमारे ५५० मीटर उंचीवर, वातावरणाचा दाबच ७१२ मिलिमीटरच्या जवळपास असतो. तेथे काट्याने तेच २६ इंच दाखविले तर आत केवळ ५२ मिलिमीटर दाब असेल आणि पाणी ३९ अंशांच्या आतच उकळेल. एकच शब्द, एकच आकडा, आणि दोन भिन्न वस्तुस्थिती. पठारावरील पॅनमनला समुद्रकाठच्या पुस्तकातील आकडा गाठावयास सांगणे म्हणजे त्याच्या संघनकाकडून अशक्याची अपेक्षा करणे होय. म्हणून अध्यापनात व नोंदवहीत शून्यापासून मोजलेला निरपेक्ष दाब लिहावा, आणि इंचांतील निर्वात बोलण्यापुरता ठेवावा, हे इष्ट.

८. शब्द आणि निदान

आता प्रारंभीच्या कसोटीकडे वळू. हंगामाच्या अखेरीस, मार्च-एप्रिलमध्ये, फवारातळ्याचे पाणी तापलेले आहे आणि पॅनवरील दाब चढू लागला आहे असे समजा. ज्याच्या मनात ‘यंत्र ओढते’ हे चित्र आहे तो म्हणेल, ओढ कमी पडली. वाफेची झडप आणखी उघडा. परंतु आराखड्यातील दाबापलीकडे वाफ वाढविल्याने इजेक्टरची क्षमता वाढत नाही. जादा वाफ कंठ अडवून बसते आणि मधल्या संघनकावर अधिक भार टाकते. तेथला दाब चढतो, पहिल्या टप्प्याची निर्गम-मर्यादा ओलांडली जाते आणि निर्वात तुटतो. उपायानेच अपाय झाला, आणि बगॅस मात्र जळले.

ज्याच्या मनात दोन क्रियांचे चित्र आहे तो वेगळ्या क्रमाने जाईल. प्रथम तो पाण्याकडे पाहील : आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या पाण्याचे तापमान, पाण्याचे प्रमाण, फवाऱ्यांची छिद्रे. मग संघनकातून निघणाऱ्या मिश्रणाचे तापमान पाहील, कारण ४० व ४८ अंशांमधला फरक म्हणजे हवेबरोबर जाणारी वाफ चौपट, हे त्याला ठाऊक आहे. तेथे दोष न सापडल्यास हवेची गळती शोधील. पात्र बंद करून दाब किती वेगाने चढतो यावरून तिचा अंदाज येतो. त्यानंतर इजेक्टरला मिळणारी वाफ पुरेशा दाबाची व कोरडी आहे काय हे तपासील, आणि शेवटी तोटी उघडील. ओल्या वाफेने तोटी झिजते. तिच्या कंठाचा व्यास शंभरात सात भागांनी वाढला तरी क्षेत्रफळ जवळजवळ साडेचौदा भागांनी वाढते व तितकी वाफ अधिक खर्च होते.

दोघांपाशी साधने तीच आहेत आणि ज्ञानातही फार अंतर असेल असे नाही. अंतर आहे ते विचाराला पहिले पाऊल कोणत्या क्रियापदाने टाकावयास लावले, यात.

९. निष्कर्ष

यावरून तीन सूचना कराव्याशा वाटतात. ‘निर्वात’ ही संज्ञा टाकून देण्याचे कारण नाही. मात्र ती ‘पोकळी’च्या अर्थाने न शिकविता तिच्या घटकांनिशी, ‘हवेविना, पण वाफेसहित’ अशी शिकवावी. ‘वाफ’ हा तद्भव शब्द आणि त्याचे मूळ ‘बाष्प’ हा तत्सम शब्द यांचा मराठीने शास्त्रात जो वेगवेगळा उपयोग केला आहे, तसेच ‘निर्वात’ व ‘पोकळी’ यांचे क्षेत्र वेगळे करणे सहज शक्य आहे. दुसरे, संघनकासाठी ‘उतरविणे’ आणि इजेक्टरसाठी ‘वाहून नेणे’ ही क्रियापदे पाठ्यपुस्तकांत सातत्याने वापरावी आणि ‘ओढणे’, ‘शोषणे’ यांना तेथून रजा द्यावी. तिसरे, निर्वाताचा प्रत्येक आकडा निरपेक्ष दाबात लिहावा व त्याशेजारी पाण्याचे तापमान नोंदवावे. एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही.

परिभाषा समित्यांत बहुतेक चर्चा नामांवर खर्च होते. यंत्राचे नाव इजेक्टर ठेवले काय किंवा उत्क्षेपक ठेवले काय, पॅनमनचे फारसे बिघडत नाही. ते यंत्र काय करते हे सांगणारे क्रियापद चुकले, तर मात्र त्याचे पहिले पाऊल पाण्याऐवजी वाफेच्या झडपेकडे वळते.